डबल बेल

आधीच सांगते, ही रात्रीची गोष्ट नाही. अमावस्या नव्हती. वीजही गेली नव्हती.

भर दुपार होती.

सोमवार, १० ऑगस्ट २०२०. जागा नेदरलँड्समधलं नायमेखन. वेळ तीनच्या सुमाराची. तारीख आणि वेळ मी फोनमध्ये इतक्यांदा तपासली आहे की आता विसरायची म्हटली तरी विसरता येणार नाही.

मी निशिगंधा. इथल्या एका लॅबमध्ये संशोधन करते. यंत्राने आकडा दाखवला तरी तीनदा मोजल्याशिवाय मी तो मानत नाही. तेव्हा "भास झाला असेल" हे कमेंटमध्ये लिहायचे कष्ट कृपा करून घेऊ नका. ते मी सव्वा वर्ष स्वतःलाच सांगतेय. काही उपयोग होत नाही.

माझी आई, प्रमिला, त्या वर्षी फेब्रुवारीत तीन महिन्यांसाठी माझ्याकडे आली होती. बाबा आले नाहीत. गुडघे दुखतात, तुमची थंडी तुम्हालाच लखलाभ, असं म्हणून ते मिरजेत राहिले. मार्चमध्ये विमानं बंद झाली. आई इथे अडकली आणि बाबा तिथे एकटे राहिले.

बाबा एसटीत कंडक्टर होते. एकतीस वर्षं. निवृत्त झाले, पण बेल काही सुटली नाही. जेवताना ताटाला वाटी एकदा वाजवली की समजायचं, बस, थांब, आता वाढू नको. बाहेर निघताना दारावर दोनदा टकटक केलं की, चला. एक म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. आमच्या घरात निम्मा संसार या दोन बेलांवर चालायचा. आई चिडायची, म्हणायची, मी काय तुमची ड्रायव्हर आहे का. पण तिचा हात मात्र बेलबरहुकूम थांबायचा.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात बाबांना कोविड झाला. शेजारच्या दिनकरकाकांनी त्यांना सेंटरमध्ये दाखल केलं. आत कुणाला सोडत नव्हते. काका रोज गेटवर उभे राहायचे आणि आतून जे कळेल ते आम्हाला फोनवर सांगायचे.

आईला सरकारने सोडलेल्या खास विमानात जागा मिळाली होती. गुरुवारची, तेरा तारखेची.

शनिवारी बाबांशी शेवटचं बोलणं झालं. नर्सने स्वतःच्या फोनवरून लावून दिलं होतं. त्यांना धाप लागत होती. आई म्हणाली, मी गुरुवारी निघतेय. बाबा एवढंच म्हणाले, "थांबतो मी. तू ये."

बस्स. आम्हाला फक्त गुरुवार गाठायचा होता.

रविवारभर आई खिडकीशी बसून होती. सोमवारी मी सुट्टी टाकली. म्हटलं, हिला घरात ठेवली तर ही वेडी होईल. त्या आठवड्यात इथे भयंकर उष्मा होता. पानसुद्धा हलत नव्हतं. श्रावणी सोमवार म्हणून आईचा उपास होता. मी डब्यात खिचडी आणि राजगिऱ्याचे लाडू भरले, आईला सायकलच्या कॅरिअरवर बसवलं आणि निघाले. इथे कॅरिअरवर म्हातारी माणसंही एका बाजूला पाय सोडून बसतात, कुणी बघत नाही. आई म्हणाली, लग्न झाल्यावर हे मला असंच डबलसीट न्यायचे, पंढरपूर रोडने. तेवढंच बोलली.

शहराबाहेर नदीकाठी मोठमोठी कुरणं आहेत. तिथे एका कालव्यावर ओढायचा तराफा आहे. पूल नाही, नावाडी नाही. दोन्ही काठांवर एकेक लोखंडी चाक आणि पाण्याखालून साखळी. तराफा पलीकडे असला तर चाक फिरवून आपल्याकडे आणायचा. वर चढलं की साखळी हाताने ओढत पलीकडे जायचं. कठड्यावर करोनाची पाटी लावली होती, एका वेळी एकाच घरातली माणसं.

जाताना काहीच झालं नाही. उलट मजा आली. आईने पदर खोचला आणि साखळी ओढायला लागली. मी तिचा फोटो काढला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती हसली होती.

पलीकडे उतरलो. सायकल सोबत घेतली. काठापासून वीसेक पावलांवर एका झाडाखाली बसलो आणि अर्ध्या तासाने डबा उघडला.

दोन घास खाल्ले असतील, तेवढ्यात...

टिंग.

एकदाच.

मी वळूनही बघितलं नाही. या देशात दिवसभर घंटीच ऐकू येते. मागून कुणी सायकलवाला आला की वाजवतो, आपण बाजूला व्हायचं. मी पाय जवळ घेतले.

कुणी गेलं नाही.

आईच्या हातातला घास हातातच राहिला होता. ती पाण्याकडे बघत होती. मी म्हटलं, सायकल असेल गं.

मग आवाज आला. किर्र... किर्र... किर्र...

पलीकडच्या काठावरचं चाक. कुणीतरी फिरवत असल्यासारखं.

मी उठून बघितलं. आम्ही या काठाला लावलेला तराफा तिकडे चालला होता. रिकामा. संथ. आणि पलीकडच्या काठावर कुणीही नव्हतं. तिथे लपायला झाडसुद्धा नाही. नुसतं गुडघाभर गवत.

तराफा तिकडे टेकला. आवाज थांबला.

मी संशोधक ना. म्हटलं, साखळीला ताण असेल, प्रवाह असेल. कालव्याला प्रवाह नव्हता, हे मला दिसत होतं. तरी मी ते स्वतःला सांगितलं, कारण घरी जायचं तर तराफा परत आणणं भाग होतं. दुसरा रस्ता बारा किलोमीटरचा होता.

मी आमच्या बाजूचं चाक फिरवायला लागले.

जड.

येताना आई एका हाताने ओढत होती तो तराफा आता माझ्या दोन हातांना आवरत नव्हता. घामाने तळवे निसटत होते. तराफा इंच इंच येत होता. वर कुणी नव्हतं... पण त्याची एक बाजू पाण्यात दबलेली होती.

काठाला लागला. दबलेली बाजू आणखी थोडी खाली गेली... आणि मग एकदम वर आली.

कुणी उतरलं की होतं ना, तसं.

आई दोन पावलं मागे सरकली. त्या दिवसांत आपण सगळेच तसे सरकायचो, दीड मीटर. तिने डोक्यावर पदर घेतला आणि अगदी सहज म्हणाली, "या."

कोण आहे, असं मी विचारलं नाही. मला उत्तर नको होतं. मी सायकल तराफ्यावर चढवली, आईचा दंड धरून तिला वर घेतलं आणि साखळी ओढायला लागले. मला फक्त तिथून निघायचं होतं.

अर्ध्यावर आलो.

आणि तराफा थांबला.

मी जोर लावला. हलेना. उलट... मागे जायला लागला. मागच्या काठावरून तोच आवाज येत होता. किर्र... किर्र...

मी मान वळवली. आत्ताच आम्ही सोडलेलं चाक फिरत होतं. आपोआप. झाडाखाली, जिथे आम्ही बसलो होतो, तिथे डब्याचं झाकण विसरलेलं दिसत होतं. बाकी काही नाही.

टिंग.

या वेळी मी सायकलकडे बघितलं. ती माझ्या शेजारीच स्टँडवर उभी होती. तिची घंटी कुणी वाजवली नव्हती. आवाज काठावरून आला होता.

आई म्हणाली, "निशी, थांब. बेल दिलीय त्यांनी."

"आई, खाली बस. तोल जाईल."

"अगं, सिंगल बेल आहे. थांब म्हणतायत. साखळी सोड."

मी सोडली नाही. खरं सांगते, मला बाबा आठवलेच नाहीत. मला एवढंच दिसत होतं की कुणीतरी माझ्या आईला ओढून नेतंय आणि तिला धरायला मीच एकटी आहे. मी पाय कठड्याला रोवले आणि सगळं अंग मागे टाकून ओढलं. साखळी गंजलेली होती, हात सोलवटले. इकडे मी, तिकडे ते. किती वेळ, माहीत नाही. आई माझ्या खांद्याला धरून रडत होती. सोड गं, सोड, एवढंच म्हणत होती. आयुष्यात पहिल्यांदा मी तिला ढकललं.

पलीकडचा जोर हळूहळू कमी व्हायला लागला. दमल्यासारखा.

मग...

टिंग. टिंग.

साखळी एकदम सैल झाली. मी पाठीवर आपटले. तराफा आपसूक काठाकडे निघाला, अगदी हलका.

आईचं रडणं थांबलं होतं.

काठावर उतरल्यावर तिने कालव्याच्या पाण्याने हात धुतले, पदराला पुसले आणि म्हणाली, "चल घरी. फोन येईल."

फोन पाचला आला. दिनकरकाका. मला काही ऐकू आलं नाही, फक्त बाबा गेल्याची वेळ ऐकू आली. संध्याकाळी सहा चाळीस. म्हणजे आमच्याकडचे तीन दहा.

आईचा हसरा फोटो त्याच्या तासभर आधीचा आहे, दोन वाजून चार मिनिटांचा. तराफ्यावरून उतरल्यावर मी घड्याळ बघितलं होतं. तीन वाजून तेरा मिनिटं झाली होती.

पुढचं काकांनी आठवड्याने सांगितलं. बाबांच्या शेजारच्या कॉटवर एक निवृत्त गुरुजी होते, ते बरे होऊन घरी आले आणि काकांना भेटले. त्यांनी विचारलं, तुमचे शेजारी एसटीत होते का हो? त्या संध्याकाळी हात वर करून हवेत काहीतरी ओढत होते. एकदा ओढायचे आणि थांबायचे. पुन्हा एकदाच. नर्स हात खाली ठेवायची, की हे परत वर. शेवटी पलंगाची कड घट्ट धरून बसले होते, सोडवता सोडवेना. मग त्यांनी स्वतःच कड सोडली, हात वर केला आणि दोनदा ओढल्यासारखं केलं.

दोनदा.

आई गुरुवारच्या विमानाने गेली. तिकीट होतं म्हणून गेली. बाबांचं तोंड तिला बघायला मिळालं नाही. चौदा दिवस ती मिरजेच्या घरात एकटी कोंडून होती आणि मी इथे. तिने मला एका शब्दानेही दोष दिला नाही. फक्त एकदा फोनवर म्हणाली, "थांबतो म्हणाले होते गं. आपणच थांबलो नाही."



ते आईला न्यायला आले होते की धरून राहायला काहीतरी शोधत होते? त्या साखळीचं एक टोक माझ्या हातात होतं. मी सोडलं असतं तर आई गेली असती, की गुरुवार आला असता? मला कळत नाही. कुणाला विचारावं तेही कळत नाही.

तेव्हापासून मी सायकलवर असताना मागून एक घंटी वाजली की थांबते. लोक वैतागतात, बाजूला व्हायचं सोडून ही बया मध्येच उभी का राहते म्हणून. राहू दे. मी पाय टेकते आणि वाट बघते. आजवर प्रत्येक वेळी कुणीतरी सायकलवाला पुटपुटत पुढे निघून गेला.

गेल्या महिन्यापर्यंत.

नोव्हेंबरचा शेवट होता. पुन्हा निर्बंध लागले होते, पाचलाच सगळं बंद. मी लॅबमधून निघाले. सायकलचा रस्ता सरळ होता, दिवे लागलेले, पुढे-मागे एक माणूस नाही.

टिंग.

मी थांबले. पाय टेकला. मागे बघितलं नाही.

कुणीच पुढे गेलं नाही.

आणि मग... कॅरिअर खाली दबलं. सावकाश. गुडघे दुखणारं माणूस बसतं, तसं. मागचा टायर दबल्याचा बारीक आवाजही मी ऐकला.

टिंग. टिंग.

मी पायडल मारलं. दुसरं काय करणार होते? घरापर्यंत सायकल इतकी जड होती की पोटऱ्या भरून आल्या. दारात उतरून मी पाच मिनिटं तशीच हँडल धरून उभी राहिले. शेवटी म्हणाले, "बाबा, आलं घर."

काही वाजलं नाही.

सायकल दुकानात दाखवली. दुकानदार म्हणाला, काही बिघाड नाही, छान हलकी चालतेय. त्याने चालवली तेव्हा खरंच चालत होती. मी बसले की जड होते.

आईला मी अजून सांगितलेलं नाही. ती म्हणेल, मी येते. किंवा म्हणेल, त्यांना इकडे आण. यातलं काहीच माझ्या हातात नाही, विमानं पुन्हा बंद व्हायच्या गोष्टी चालल्यात.

मी रोज त्यांना घेऊन लॅबला जाते आणि घेऊन परत येते. कुठे उतरायचं आहे, ते सांगत नाहीत.

उतरायची सिंगल बेल अजून वाजलेली नाही.