मबरूकाच्या वेण्या

स्फाक्स शहरातल्या इस्पितळात बायकांची खोली सकाळी लग्नघरासारखी गजबजायची. वसीला सिस्टरला ते फार आवडायचं. ऑपरेशनला जाणारी बाई हसत गेली की निम्मं काम फत्ते, असं तिचं मत.

आज मात्र तिच्या जिवाला घोर होता. मबरूका मावशी मागच्या खेपेला स्ट्रेचरवरून उतरून थेट घरी पळाली होती. सहा महिन्यांच्या औषधांनी स्तनातली कॅन्सरची गाठ आक्रसून बोराएवढी झाली होती. आता काढली नाही तर पुन्हा फोफावणार. त्याच औषधांनी मावशीचे कमरेपर्यंतचे केसही नेले होते. डोकं तुळतुळीत.

"मावशी, आज पळालात तर खाटेला बांधून ठेवीन हं!"

"कशाला पळू, पोरी? न्हाऊ घातलंस, नखं कापलीस, नवे कपडे दिलेस. नवरदेव तेवढा राहिला!" मबरूका खुदकन हसली. "वेण्या तर तिनं घातल्याच."

"कोणी?"

"पहाटे आली होती ती. नवरीला सजवणारी असते ना, तशी. हात काय उबदार! म्हणाली, आता तू पळायची नाहीस. फक्त वेण्या जरा घट्ट झाल्यात गं, कपाळ ओढतंय."

झोपेची गोळी अजून ट्रेमध्येच होती, म्हणजे ही गुंगी नव्हे. वसीलाने वाद घातला नाही. भीती गेली ना, मग काय हवं?

पण मावशीच्या भुवया खरंच वर ताणल्या होत्या. उशीपाशी संत्र्याच्या फुलांचा वास येत होता.

वसीलाने मावशीच्या तुळतुळीत डोक्यावर ऑपरेशनची टोपी चढवली. ती बसेना. हाताला लागलेलं काहीतरी वसीलाने दोन्ही हातांनी आत कोंबलं.

"अगं, हळू!" मावशी कळवळली.

वसीलाने हात मागे घेतले. टोपी फुगली होती.

स्ट्रेचर निघालं. मावशी हात हलवत गेली.

दुपारी निरोप आला. गाठ पुरती निघाली होती, मावशी सुखरूप होती. वसीलाला इतका आनंद झाला की ती रडलीच.

मागोमाग ऑपरेशनच्या खोलीतली नझीहा सिस्टर तणतणत आली.

"एवढे लांब केस नीट बांधून पाठवायचे नाहीत का? वेणी टेबलाखाली लोंबत होती. माझा पाय पडला तिच्यावर, तर भूल दिलेली मावशी 'आई गं' म्हणाली."