लोणीच्या पेशी

लोणी कोथिंबीर हुंगायची आणि तोंड फिरवायची. पाच वर्षांची ही ससीण परवापरवापर्यंत घरभर उड्या मारत होती; आता कोपऱ्यात बसून राहायची. तिच्यासाठी अंथरलेल्या कागदावर रक्ताचे डाग दिसले तेव्हा केतकी घाबरली. कुठे खरचटलेलं तर नव्हतं. मग रक्त आलं कुठून?

केतकीचे आजोबा पशुवैद्य (प्राण्यांचे डॉक्टर) होते. त्यांच्या प्रयोगशाळेतल्या काचेच्या टेबलावर प्राणी ठेवला, की त्याच्या शरीराच्या आतलं सगळं पडद्यावर दिसे. लोणीला तिथं ठेवून आजोबांनी पडद्यावर बोट टेकवलं.

"हे गर्भाशय (पिल्लं वाढतात ती पिशवी). त्यात गाठी झाल्यात."

"कशानं?"

"शरीर पेशींचं (बारीक जिवंत घटकांचं) बनलेलं असतं. एका पेशीच्या दोन होतात, तेव्हा तिच्यातली सूचनांची वही उतरवून काढावी लागते. तू धडा उतरवताना चुकतेस ना, तशा तिथंही चुका होतात. बऱ्याचशा शरीर दुरुस्त करतं. काही मात्र वयाबरोबर साठत जातात. एखाद्या पेशीची 'आता थांब' ही ओळच बिघडली, की ती वाढतच सुटते. तिची होते गाठ. जी गाठ इतर अवयवांत पसरू शकते, तो कर्करोग. म्हाताऱ्या होत चाललेल्या ससिणींच्या गर्भाशयात हे फार आढळतं."

"मग गाठ काढून टाका!"

आजोबांनी पडद्यावर फुप्फुसांतले ठिपके दाखवले. "पसरलाय गं."

केतकीला आठवलं. लोणी लहान असताना आजोबा गर्भाशय काढायचं म्हणत होते. तिनंच रडून नको म्हटलं होतं.

"तू लहान होतीस," आजोबा म्हणाले. "मी नीट समजवायला हवं होतं."

औषधानं लोणीच्या वेदना कमी झाल्या. तीन आठवड्यांनी ती गेली. तिच्या गाठीचा एक तुकडा आजोबांनी प्रयोगशाळेत जपून ठेवला.

त्यानंतरही शाळेतून आल्यावर केतकी दार जपून उघडायची, पायात कुणी येईल म्हणून. एके दिवशी तिनं विचारलं, "तिच्या गाठीतल्या पेशी तुम्ही ठेवल्यात ना? दाखवा."

सूक्ष्मदर्शकाखाली (बारीक वस्तू मोठी दाखवणाऱ्या यंत्राखाली) एक पेशी दुभंगत होती.

"ही लोणी आहे?"

"नाही, बाळ. ही तिची गाठ. बिघडलेली ओळ पुन्हा कशी लिहायची, ते आम्ही इथं या पेशींवरच शोधतोय. थोडं जमायला लागलंय."

केतकीनं सूक्ष्मदर्शकावरून डोळा उचलला. तिला ते मऊ, गरम कान हवे होते. ते इथं नव्हते.

घरी येऊन तिनं मैत्रिणीला, सानियाला, फोन लावला. सानियाची ससीण वर्षाची होती.

"तिला आजोबांकडे आण. गर्भाशय काढायचं ऑपरेशन लवकर केलेलं बरं. का, ते मी सगळं सांगते." मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "आणि ती शुद्धीवर येताना मला तिच्याजवळ बसू देशील?"