बिब्ब्याचा डाग

"दिवसभर खाटेवर बसून जाळं शिवते! पाय काय भाड्यानं देला हिनं?" मनसाराम दाराआडून पुटपुटला, पण ओसरीवर बसलेल्या गोकुळेला नीट ऐकू येईल, एवढ्या मोठ्यानं!

गोकुळा हसली. बापाची माया अशीच, कुरकुरीतून पाझरणारी... आई गेली तेव्हा धाकट्या दिव्यानीला पोटाशी धरून तिनं आपलं ठरलेलं लग्न मोडू दिलं, तलावात उतरून मासोळ्या धरल्या आणि बहिणीला नागपूरला शिकायला धाडलं. कधीतरी टाचेत शिंगाड्याचा काटा मोडला. गावात सगळेच करतात तसा तिनंही त्यावर तापल्या बिब्ब्याचा चटका दिला. काळा डाग राहिला. बिब्ब्याचाच, सगळे म्हणाले. डाग पसरला, चिघळला, तरी बिब्ब्याचाच! दिव्यानीला दिसू नये म्हणून ती दर सुट्टीला "येऊ नोको, अभ्यास कर" असा निरोप धाडायची, आणि ती वेडी पोर समजायची, आपली बाई, थोरली बहीण, रुसली!

शेवटी दिव्यानी न सांगता आली, तिला चंद्रपूरच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डागाचा तुकडा तपासला गेला. आज निकाल ऐकून आल्यापासून दिव्यानी सगळं बोलत होती, तेवढं सोडून.

"बाई, हे गाठ पाह्य," तिनं जाळं उचललं. "आपल्या पेशीच्या आवरणावर प्रथिनं असतात. थे शेजारच्या पेशीले असेच बांधून ठेवतात. गाठी सुटल्या का पेशी मोकाट... मंग दुसरे प्रथिनं तिले वाट देतात. रक्तातून जाते, जिथी थांबन तिथी घर करते."

"कोणती पेशी व? काट्याची?"

दिव्यानीनं जाळं खाली टाकलं. "प्रयोगशाळेत रोज हेच पाह्यते मी... अन् माह्या बाईचा पाय मले दिसला नाई! काऊन येऊ देल्लं नाई तू?"

"तुह्यं शिक्षण बुडलं असतं."

"बुडू देतं!" ती हुंदक्यांनी गदगदली. "आता टाच काढा लागन, बाई. लवकर. अजून पसरलं नसन त..."

'राहू दे व, काटाच त हाये...' आयुष्यभराचं ते वाक्य गोकुळेच्या ओठांवर आलंच होतं. तोच मनसाराम बाहेर आला. त्यानं तिचा तो पाय आपल्या मांडीवर घेतला.

"काटाच व्हय ना, माय?" त्यानं विचारलं.

गोकुळेनं त्याच्या पिकल्या डोक्यावर हात ठेवला.

"काटा नाई, बाबा. कॅन्सर हाये." मग ती बहिणीकडे वळली. "अन् मले मराचं नाई, दिव्या. मले नागपूरले ने."