शिंपीकाकांची झडप

ही गोष्ट माझ्या मावसबहिणीची. अक्षर न् अक्षर खरी आहे. देवासमोर उभं करून विचारलंत तरी हेच सांगेन.

रात्रबित्र नव्हती. गुरुवार, दुपारचे पावणेतीन. हॉस्पिटलचा दुसरा मजला, इकोची, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीची खोली.

ताई हृदयाची डॉक्टर. त्यातही तिचा सगळा जीव झडपांवर. हृदयातली एखादी झडप नीट मिटली नाही की रक्त मागे गळतं आणि ठोक्याबरोबर फुस्स असा आवाज येतो. बाकीचे मशीनवर बघून सांगायचे. ताई आधी स्टेथोस्कोप लावायची, डोळे मिटायची आणि सांगून मोकळी व्हायची. पावलांवरून आपण घरचं माणूस ओळखतो ना, तशी ती आवाजावरून पेशंट ओळखायची.

हा कान घडवला तिच्या सरांनी. ते विभागप्रमुख. नऊ वर्षं ती त्यांच्या हाताखाली होती.

"मशीन विकत मिळतं पोरी, कान मिळत नाही," म्हणायचे.

ताईला वडील नव्हते. ती जागा केव्हाच सरांनी घेतली होती.

तिच्याकडे एक शिंपीकाका यायचे. मोठा गमत्या माणूस.

"डॉक्टरीणबाई, कोटाची बाही उसवलीय तुमची. द्या इकडे."

"काका, आधी तुमची झडप बघू."

"ती तर कधीचीच उसवलीय. घाला की चार टाके!"

त्यांच्या छातीतला आवाज कुणासारखाच नव्हता. ठक्... फुस्स... आणि मागून एक बारीक कुईं. अर्धवट लोटलेल्या दारासारखी.

ताईने मोजलं. गळती सिव्हिअर. म्हणजे ऑपरेशन, आणि तेही लगेच.

पण सर तेव्हा एका नव्या गोळीवर अभ्यास करत होते. त्यात मॉडरेट, म्हणजे मधल्या गळतीचेच पेशंट चालायचे. एक कमी पडत होता.

"मॉडरेट लिही," सर म्हणाले.

"सर, अहो काठावरसुद्धा नाहीये!"

"महिन्याभराचा प्रश्न आहे. खाली सही माझी असेल. मी आहे ना?"

तिने लिहिलं. स्वतःच्या हाताने.

विसाव्या दिवशी काका दुकानातच गेले. अर्धवट कापलेल्या कापडावर मान टाकून.

चौकशी बसली. सर पाण्याचा घोट घेऊन अगदी शांतपणे म्हणाले, "मोजमाप तिचं आहे. मी तिच्या कानावर विसंबलो."

ताईने रिपोर्ट पुढे ओढला.

खालची सहीची जागा कोरी होती.

निर्णय व्हायला अजून आठवडा होता.

आणि मग तो गुरुवार आला.

पेशंट संपले होते. सिस्टर जेवायला गेली होती. ताईने मशीन बंद केलं, दिवा मालवला, आणि दाराकडे वळली...

ठक्... फुस्स... कुईं.

मशीनची वायरही काढलेली होती.

आवाज पलंगावरून येत होता. रिकाम्या पलंगावरून. वरचा कागद मधोमध दबला होता, कुणी डाव्या कुशीवर झोपावं तसा.

घाबरली, पण डॉक्टरच ती. पुढे झाली आणि स्टेथोस्कोप त्या गादीवर टेकवला.

ठोका स्पष्ट होता.

आणि गादी... कोमट होती.

ताई पळत सुटली. कुणाकडे जाणार? नऊ वर्षांची सवय. सरांच्याच खोलीत शिरली आणि सगळं सांगून बसली.

सरांनी तिला पाणी दिलं. पाठीवर हात ठेवला. "होतं गं असं. मला सांगितलंस, बस. बाहेर बोलू नकोस. घे, माझी छाती ऐक, म्हणजे मन थाऱ्यावर येईल."

तिने नळी लावली.

ठक्... फुस्स...

कुईं.

"सर! तुमचीही झडप... सिव्हिअर आहे, सर. ऑपरेशन करून घ्या!"

सर हसले. तिच्यासमोरच इको करून घेतला. झडप स्वच्छ होती, पडद्यावर गळतीचा ठिपकाही नव्हता.

"बघ. जा, घरी जाऊन झोप."

दुसऱ्या दिवशी सकाळी तेच सर चौकशी कमिटीसमोर म्हणाले, "तिला भास होतात. तिने स्वतः मला सांगितलंय."

ताईची नोकरी त्याच दिवशी गेली.

महिना झाला नसेल, सर राऊंड घेता घेता कोसळले आणि गेले. झडप फाटली होती म्हणे. कशी, ते कुणालाच सांगता आलं नाही.

ताई दोन दिवस रडत होती. "कान त्यांनीच घडवला ना गं? मग त्यांनीच कसं नाही ऐकलं माझं?"

तिने स्टेथोस्कोप कपाटात टाकला तो टाकलाच.

गेल्या रविवारी माझी आई, म्हणजे तिची मावशी, हट्टाला पेटली. "भाचीला डॉक्टर केलं ते शोभेला का? ऐक बघू माझं काळीज!" कपाटातून नळी काढून तिच्या हातात कोंबली.

ताई ऐकत राहिली... फार वेळ.

मग नळीची घडी करत म्हणाली, "मावशी, ऑपरेशन करून घे."

आम्ही दोन ठिकाणी तपासून आलो. दोन्ही रिपोर्ट स्वच्छ. दुसऱ्या डॉक्टरांना तर हसू आवरेना. "हे कुणी डोक्यात भरवलं तुमच्या?"

मी ताईचं नाव घेतलं नाही. तिला बोल लागू नये म्हणून, की लाज वाटली म्हणून, देव जाणे.

रोज संध्याकाळी ताईचा फोन येतो. "ऑपरेशनची तारीख घेतलीस?"

"घेतली," मी म्हणते.

काल भाजी घेऊन येताना आई रस्त्यात मध्येच थांबली. पिशवी खाली ठेवली.

"काही नाही गं," म्हणाली, "जरा दम लागला."