तुमार परत का आली नाही

सुयुनबाय बाबांनी चहाची वाटी हातात घेतली, पण ओठाला लावली नाही.

"मला चोर म्हणाले, पोरी. या वयात."

कानिशायने वही उघडली. पोलिसातली नोकरी सोडून तिने खासगी तपासाचं काम सुरू केलं होतं, आणि तिच्याकडे येणारी निम्मी माणसं अशीच सुरुवात करायची. तिचा ड्रायव्हर, मदतनीस आणि मावसभाऊ एर्मेक मात्र लगेच उसळला.

"कोण म्हणालं? नाव सांगा फक्त!"

"आधी तोंडातला तो तळलेला बोरसोक गिळ," कानिशाय म्हणाली. "बोला बाबा."

बाबा कारा-जिगाचच्या हवाई तळावर ससाणी उडवायचे. जमीन आमची, झेंडे पाच देशांचे आणि हुकूम अमेरिकनांचा, असा तो तळ. इंजिनात पाखरू शिरलं की विमानाचं काही खरं नाही. म्हणून धावपट्टीवरची पाखरं हुसकायला बाबा आणि त्यांची तुमार. तिने कधी दगा दिला नव्हता. परवा सकाळी दिला. इंधनाचं अजस्र विमान उतरायला आलं, पट्टीवर मैनांचा थवा बसला, भोंगा वाजला. बाबांनी तळावरच्या तिच्या खोपटातून तुमारला उचललं आणि धावतच सोडलं. तिने मैनांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. कुंपणापलीकडच्या झाडांवर जाऊन बसली आणि हाका ऐकत ऐकतच निघून गेली. वैमानिकाने विमान पुन्हा वर उचललं म्हणून सगळे वाचले.

"तळावरचा मेजर म्हणतो, मीच विकली तिला. ससाणे विकत घ्यायला आखाती शेखांचे दलाल फिरतात ना इकडे. माझा पास काढून घेतला, खोपटाला सील ठोकलं. पोरी, पास गेला तर जाऊ दे. पण मैदानावर उभं राहून मी हाकारलं नाही, तर ती रानाची होईल. नाहीतर खरंच एखाद्या दलालाच्या जाळ्यात जाईल. आजचा दिवस आहे फक्त."

"आदल्या दिवशी काही वेगळं घडलं?"

"छे. संध्याकाळी तिचा घास वाटीत ठेवला आणि घरी गेलो, रोजच्यासारखा. सकाळी तिला चाचपून बघायलाही सवड मिळाली नाही."

"मग ती गेली का, बाबा?"

म्हाताऱ्याने मान खाली घातली. "कंटाळली असेल मला. त्या दिवशी हातावर जड लागली. मनात म्हटलं, सुयुनबाय, मनगटातला जोर संपला तुझा. पाखरांना कळतं ते."

एर्मेकच्या डोळ्यांत पाणी आलं. कानिशायने मोटारीची किल्ली उचलली.

तळाच्या फाटकावर मेजर व्हिटकॉम स्वतः आला. बाबांना मोटारीतच बसावं लागलं. मेजर उंच, चेहऱ्यावर ठिपके, बोलायला सभ्य.

"बाई, मला म्हाताऱ्याचं वाईटच वाटतं. पण तुम्हीच विचार करा. कुंपणाबाहेर एक पांढरी मोटार उभी होती. आणि पोटभर जेवलेला प्राणी आपलं घर सोडून कशाला जाईल? माझा कुत्रा जेवला की माझ्या पायाशी लोळतो. तिला कुणीतरी फितवलंच."

"मुद्दा बरोबर आहे," एर्मेक म्हणाला. कानिशायने त्याच्याकडे असं पाहिलं की तो वाकून बुटाची नाडी बांधू लागला.

"तू त्या पांढऱ्या मोटारीची चौकशी कर," ती म्हणाली. "मेजर, खोपट उघडता का? सील लावल्यापासून आत कुणी गेलंय?"

"कुणीही नाही. मीसुद्धा नाही. दारातूनच सील लावलं."

आत एक दांडी होती. तिच्याजवळच्या वाटीत धुऊन पांढरंफटक केलेलं मांस वाळून कडक झालं होतं. त्याला एकदाही चोच लागलेली नव्हती. दांडीखाली मात्र सुकलेल्या रक्ताचे डाग.

"जखमी केली वाटतं तिला," मेजर दारातून म्हणाला. कानिशाय उकिडवी बसून बराच वेळ ते डाग बघत राहिली.

मग ती स्वयंपाकघरात गेली. स्पॅनिश आचारी सिप्रियानो आधीच पेटलेला होता.

"त्या संध्याकाळी मी अंगणात शेगडी लावली होती, घरी चाललेल्या तुकडीसाठी. कच्च्या परातीतला सगळ्यात जाड तुकडा गायब! भाजायच्या आधीच! असले भुक्कड लोक!"

"ससाणीला घातलात का?"

"मी? त्या डाकिणीला? माझ्या कोंबड्यांकडे कशी बघते ती, पाहिलंय का तुम्ही?"

सोलेन ही फ्रेंच शिपाई पोरगी रोज तुमारचे फोटो काढायची. तिचा चेहरा रडवेला होता.

"दया यायची मला तिची. रक्त काढलेलं, बेचव मांस देतात तिला. जेवताना मी सगळ्यांना सांगायचे, मेजरसाहेबांनासुद्धा. पण हात नाही लावला हं मी! बाबांनी एकदा असं झापलंय की बस. आणि त्या संध्याकाळी मी मनोऱ्यात ड्यूटीवर होते. विचारा कुणालाही."

कानिशायने विचारलं. खरं होतं.

तिने सगळ्यांना मेजरच्या खोलीत बोलावलं. एर्मेक ओठ पुसत आला.

"पांढरी मोटार टरबूजवाल्याची, ताई. रोजच येतो. टरबुजं गोड आहेत."

"चला, दलाल गेला," कानिशाय म्हणाली. "आता ऐका. आमचे शिकारी पाखराला द्यायचं मांस धुऊन त्यातलं रक्त काढतात. क्रूरपणा नाही तो. त्याने पोटाला आधार होतो, पण भूक राहते. भूक आहे म्हणून पाखरू शिकार करतं, मालकाच्या हातावर परत येतं. ससाणी कुत्रा नाही, मेजर. पोट भरलं की ती कुणाचीच नाही."

"म्हणजे?" एर्मेक म्हणाला.

"म्हणजे बाबांच्या मनगटाला काही झालेलं नाही. तुमार खरोखरच जड झाली होती. वाटीतलं मांस तिने सोडलं, कारण पोटात जागाच नव्हती. बाबांच्या मांसात रक्ताचा थेंब नसतो, मग दांडीखाली रक्त कसलं? परातीतून गेलेल्या त्या जाड तुकड्याचं."

"चोरी कुणी केली मग?" सिप्रियानो गरजला.

"ती वाटी बघून कुणीही म्हणेल, ससाणी उपाशी होती. बाबांनासुद्धा माहीत नव्हतं ती जेवली म्हणून. तरी आज फाटकावर एकाने मला सांगितलं, की ती पोटभर जेवलेली होती."

सगळ्या माना मेजरकडे वळल्या. मेजरचे कान लाल झाले.

"ती माझ्याकडे बघत होती," तो हळूच म्हणाला. "मला वाटलं, म्हातारा उपाशी मारतोय तिला. माझ्याच वाट्याचा तुकडा होता तो. मी चांगलं काम केलं असंच वाटलं मला. आणि ती गेली तेव्हा... पोट भरलेलं होतं, म्हणून तर खात्री पटली की तिला चोरलीच." तो थांबला. "देवा! मी त्यांना चोर म्हटलं."

"ते नंतर. तुमची मेजवानी एव्हाना जिरली असेल. तिला भूक लागली असेल आणि हाकारणारा फाटकाबाहेर बसलाय."

मेजर खुर्ची पाडून धावला. मोटारीचं दार त्याने स्वतः उघडलं, पास स्वतः बाबांच्या गळ्यात घातला.

मैदानाच्या मधोमध बाबा एकटे उभे राहिले. हातमोज्यावर धुतलेलं मांस ठेवून त्यांनी हाक दिली. झाडं गप्प. पुन्हा दिली. आवाज फाटला. सोलेनने डोळे मिटून घेतले. एर्मेक पुटपुटत होता, "ये गं बाई, ये ना."

कुंपणावरून एक काळा ठिपका खाली घसरला, गवताला लागून सरळ आला, आणि तुमार बाबांच्या मुठीवर बसून मांस तोडू लागली.

बाबा ओक्साबोक्शी रडले. कुणी जवळ गेलं नाही. मग मेजर गेला, डोक्यावरची टोपी काढून.

"बाबा, मी... कोणत्या तोंडाने माफी मागू?"

बाबांनी बाहीने डोळे पुसले.

"जीव लावलास तिला, लेका. त्याची कसली माफी?" ते म्हणाले. "उद्या ये, बस तिच्यापाशी. पण रिकाम्या हाताने ये."