सतरा, अठरा आणि डोकेदुखीची वही

प्रेमात पडलं की माणसाच्या सगळ्या व्यथा विरून जातात, असं थोरामोठ्यांनी सांगून ठेवलं आहे. थोरामोठ्यांपैकी कुणालाही चार आठवडे डोकेदुखीची वही भरायची नव्हती.

तिला होती. अर्धशिशीवरच्या एका नव्या गोळीचा अभ्यास सुरू होणार होता आणि त्यात घेण्याआधी माणसाला नखशिखांत तपासून घेत होते. चार गुरुवार रुग्णालयात यायचं. उपाशीपोटी रक्त, लघवी, डोळे, हृदयाचा आलेख. शिवाय घरी रोज वहीत लिहायचं, आज डोकं दुखलं की नाही. महिन्यात किमान चार वेळा दुखलं तरच निवड. नावं गुप्त, ती अठरा नंबर. पाठ्यपुस्तकांच्या छापखान्यात ती मुद्रितं तपासायची आणि दहा वर्षांत तिच्या नजरेतून एक वेलांटी निसटली नव्हती.

पहिल्या गुरुवारी रक्तदाब मोजण्याआधी पाच मिनिटं गप्प बसायचं होतं. शेजारच्या खुर्चीत सतरा नंबर... उंच, बोटांच्या पेरांत वंगणाची काळी रेघ.

"तुमचं कुठून सुरू होतं? डावीकडून?" तो कुजबुजला.

"बोललात!" सिस्टरनी घड्याळ परत लावलं. "पुन्हा पाच मिनिटं. दोघांनाही."

"अहो, मी कुठे बोलले?"

"आत्ता बोललात की. पुन्हा!"

मग तिला हसू आलं, ते त्याला लागलं, आणि पाच मिनिटांची पंचवीस झाली. तेवढ्यात तिला तुकड्यातुकड्यांनी कळलं, की तो लिफ्ट दुरुस्त करतो. "लोकांना माझी आठवण मध्ये अडकल्यावरच येते," तो म्हणाला, आणि सिस्टरनी पुन्हा घड्याळाला हात घातला.

त्यानंतर शुक्रवार ते बुधवार हे सहा दिवस आठवड्यात कशासाठी घातलेत, हे तिला कळेनासं झालं. छापखान्यातली लिफ्ट कधीच बिघडत नाही, याचं तिला आयुष्यात प्रथमच वाईट वाटलं.

"काय हो वन्सं," वहिनीनं विचारलं, "रक्त द्यायला कुणी ओढणीला इस्त्री करून जातं का?"

"चुरगळलेली चालत नाही तिथे."

"रक्ताला?"

दुसऱ्या गुरुवारी रक्त देऊन झाल्यावर दोघं कोपरात कापूस दाबून बाकावर बसले. "निवड झाली तर पुढे सहा महिने गुरुवार," तो कापसाकडे बघत म्हणाला. "म्हणजे... सव्वीस."

"मोजलेत?"

"सहज. हात रिकामे होते ना—"

एक हात कापसावर होता, दुसरा त्या कापसाखाली. तिनं हे दाखवून दिलं नाही.

तिसऱ्या गुरुवारी गणिताचं पुस्तक छपाईला जायचं होतं, तिला सुट्टी मिळाली नाही. ती शुक्रवारी गेली. बाक रिकामा होता.

आणि इथेच घोळ झाला. बुधवारी संध्याकाळी तिनं वही उघडली, तर महिन्यात डोकं जेमतेम दोनदा दुखलेलं. चार नाहीत म्हणजे निवड नाही. निवड नाही म्हणजे गुरुवार नाही. आणि त्याचं नाव, पत्ता सिस्टर जन्मात सांगणार नव्हत्या. तिनं दाराला कडी लावली आणि दोन डोकेदुख्या रचल्या. वेळ, तीव्रता, सगळं. एकीला तर मळमळही जोडून दिली.

चौथ्या गुरुवारी सिस्टरनी आधी त्याची वही चाळली.

"अहो सतरा, एकच? येताना तर महिन्याला आठ म्हणत होता!"

"तेव्हा होत्या."

"मग आता काय झालं?"

"तेवढ्या एका गुरुवारी दुखलं." तो अठरा नंबरकडे वळला. "तुम्ही आला नव्हता... बाकी दुखलंच नाही. खोटं कसं लिहू?"

"मग तुम्ही मोकळे. अठरा, वही द्या."

तिनं दिली नाही. तिच्या हातात सव्वीस गुरुवार होते, सगळे त्याच्याशिवायचे. तिनं पेन उघडलं. चूक झाली तर खाडाखोड करायची नाही, एक सरळ रेघ मारायची, शेजारी सही आणि तारीख, असं सिस्टरनीच शिकवलं होतं. तिनं दोन रेघा मारल्या, दोन सह्या केल्या.

"हे काय?" सिस्टर म्हणाल्या.

"दुरुस्ती."

तो वाकून बघत होता. "राहिल्या किती?"

"दोन."

"कधीच्या?"

"एक त्याच गुरुवारची." तिचे कान तापले. "दुसरी शुक्रवारची... मी आले होते. तुम्ही नव्हता."

तो म्हणाला, "येत्या गुरुवारी... इथेच बाहेर, साडेनऊला? फक्त उपाशीपोटी येऊ नका."

"तुम्हीही नका येऊ," ती म्हणाली.

सिस्टरनी दोघांचे अर्ज पुढे ओढले आणि 'निवड न होण्याचं कारण' या रकान्यात दोन्हीकडे एकच ओळ लिहिली : पुरेसा त्रास नाही.