वारा सुटल्यावर उरलेलं विमान

युसूफ वडगाव या गावात जालिंदर सरांइतकी आभाळाची खबर ठेवणारं दुसरं कुणी नाही. गच्चीवर लोखंडी पाइपाला अँटेना, खाली संगणकाच्या पडद्यावर विमानांचे ठिपके. विमान स्वतःच आपला ठावठिकाणा सांगत जातं, आपण फक्त ऐकायचं, असं ते वर्गात ऐटीत सांगत.

त्या पहाटे त्यांचा धाकटा भाऊ नवनाथ दोन वर्षांनी मस्कतहून हैदराबादला उतरणार होता. वाटेत विमान गावावरून जायचं. म्हणून आई, भामाबाई, बॅटरी घेऊन केव्हाची तयार. लेकाचं विमान आलं की गच्चीवरून तीनदा बॅटरी दाखवायची, हा तिचा नेम. वरून ती दिसत नाही, हे सरांनी शंभरदा सांगून झालं होतं.

"सापडलं, माय. तिकिटावरचाच नंबर. पार समुद्रावर हाय."

"रोज तर मुंबईपलीकडचं दिसत न्हाई. आज कावून?"

"धुकं हाय, वारा न्हाई. खाली गार हवा, वर गरम. त्यात लहरी वाकून लई लांबून येत्यात. वारा सुटला की लांबचं समदं पुसलं जाईल. तवा घाबरू नको."

भामाबाई वर गेली. थोड्या वेळानं वारा सुटलाच. समुद्रावरचे ठिपके एकेक करून विझले, आणि सर स्वतःवरच खूश झाले. एक ठिपका मात्र राहिला. नवनाथचा. तो सरळ गावाकडे येत होता, आणि त्याची उंची भराभर उतरत होती. इथं विमानतळ कुठला, चहूकडे नुसता ऊस.

तेवढ्यात फोन वाजला. नवनाथच होता.

"दादा, आमचं विमान अजून मस्कतातच हाय. तासभर झाला, नुसतं आत बसवून ठेवलंय."

सरांचा जीव भांड्यात पडला. म्हणजे यंत्रच चुकत होतं. त्यांनी अँटेनाची वायर उपटून काढली. ठिपका गेला नाही... तो पुढेच सरकला... आणि घरावर येऊन थांबला.

गच्चीवर बॅटरीचं बटण वाजलं. एकदा... दोनदा... तीनदा.

"दादा..." नवनाथचा आवाज एकदम बारीक झाला. "इथं अचानक धुकं झालंय. खिडकीखाली कुणीतरी बॅटरी दावतंय... आपल्या मायवानी. लई जवळ हाय, दादा."